ऐतिह्य आणि इतिहास : उल्हासनगरच्या पहिल्या वसाहतीची गोष्ट तपासताना



तत्त्वज्ञानाच्या माणसाने इतिहासावर कशाला बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. आमचं उत्तर साधं आहे. काय घडलं ते इतिहासकार सांगतो. 'हे तुला कशावरून कळलं?' असं विचारणं हे आमच्या शास्त्राचं फार जुनं काम आहे. आज तेवढा एक प्रश्न हातात धरून, उल्हासनगरच्या पहिल्या वसाहतीविषयी जे छापलं जातं आणि बोललं जातं त्याची आम्ही तपासणी करणार आहोत. हा विषय कोरडा नाही. कुणाच्या घराची सनद, कुणाच्या गावाची जमीन आणि एका अख्ख्या समाजाची अब्रू या गोष्टीत अडकलेली आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्याकडे 'ऐतिह्य' असा एक शब्द आहे. पूर्वीपासून लोक असं सांगत आले, पण पहिल्यांदा कुणी सांगितलं ते माहीत नाही, अशा कथनाला ऐतिह्य म्हणतात. परंपरेतलं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'या वडावर यक्ष राहतो'. पौराणिक मंडळी ऐतिह्याला स्वतंत्र प्रमाण मानत. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर वाद आहे. नैयायिकांचं म्हणणं असं की वेगळं प्रमाण मानायची गरज नाही, ऐतिह्य हा शब्दप्रमाणाचाच भाग. पण शब्द प्रमाण केव्हा होतो? सांगणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे आणि जो खरं सांगू इच्छितो, असा माणूस असेल तेव्हा. यक्ष पाहिलेला माणूस दाखवा, मग बोलू. आता पाहा, ही कसोटी आपल्या शहरांच्या इतिहासाला लावली तर काय उरतं?

उल्हासनगरची रूढ गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. स्मरणिका काढा, माहितीपुस्तिका काढा, वर्धापनदिनाचं भाषण ऐका, तीच चार-पाच वाक्यं येतात. कल्याणजवळ ओसाड माळ होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी झाली. ६,००० सैनिक आणि इतर ३०,००० माणसांची सोय, २,१२६ बरॅकी, १,१७३ ब्लॉक. १९४७ साली सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नाव दिलं उल्हासनगर, म्हणजे आनंदाचं शहर. मग सिंध्यांनी शून्यातून नगरी उभी केली. गोष्ट संपली.

यातलं सगळं खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. छावणी होती, बरॅकी होत्या, राजाजींची तारीखही बरोबर आहे. आमची तक्रार वेगळी आहे. कॉलिंगवुड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 'कात्री आणि डिंकाचा इतिहास' असा शब्द वापरला होता. आधीच्या कुणाचं तरी वाक्य कापायचं आणि आपल्या पानावर चिकटवायचं. असा इतिहास प्रश्न विचारत नाही. २,१२६ हा आकडा पाहा. इतका नेमका आकडा दिसला की वाचकाला वाटतं, मोजूनच लिहिलं असणार. पण कुणी मोजलं, कोणत्या वर्षी मोजलं, नोंद कोणत्या खात्याची, हे पुस्तिका सांगत नाहीत. आकडा बरोबरही असेल. पण मूळ न दाखवता फिरणारा आकडा हे ऐतिह्यच, फक्त त्याने अंकांचे कपडे घातलेले असतात.

आता त्या गोष्टीतली एकेक वाक्यं घेऊ.

पहिलं वाक्य, '१९४७ साली आले'. पंजाबचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं जातं. पंजाब दुभागला गेला, सिंध अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधमधल्या हिंदूंना आपल्याच प्रांताचा अर्धा भाग मागता आला नाही, आणि अनेकांना सुरुवातीला गाव सोडावंसंही वाटलं नाही. १९४१च्या सुमारास सिंधची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या घरात होती आणि तिच्यात हिंदू एक चतुर्थांशाहून थोडे अधिक होते. १९४७च्या उत्तरार्धात निघणारे निघत होते, पण ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि मग ओघ फार वाढला. कुणी बोटीने मुंबईला आणि काठियावाडच्या बंदरांत उतरले, कुणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले. चार-सहा महिन्यांचा फरक म्हणून हे सोडून देता येत नाही. जो माणूस स्वातंत्र्यानंतरही घरी थांबला, शेजाऱ्यावर विश्वास ठेवून राहिला आणि मग निघाला, त्याची कथा एका रात्रीत पळालेल्याच्या कथेहून निराळी आहे. वर्ष चुकलं की माणसाचं मनही चुकीचं वाचलं जातं.

दुसरं वाक्य, 'परके लोक आले'. हे आपल्या मराठी बोलण्यात फार. आम्ही इथे एवढंच सांगू की सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे कराचीचा पदवीधर आणि पुण्याचा पदवीधर एकाच विद्यापीठाचं प्रमाणपत्र दाखवत होते. कराचीतली जुनी सरकारी शाळा, स्थापना १८५५, नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. जवळजवळ नव्वद वर्षं एका सरकारच्या हाताखाली राहिलेल्या माणसांना, प्रांत वेगळा झाल्यावर बारा वर्षांत आपण 'कोण कुठले' म्हणू लागलो. ही स्मरणशक्तीची कमाल आहे, नाही का?

तिसरं वाक्य, 'सिंधी आले'. जणू एकच एक समाज, एका घाटाचा. शिकारपूरचा सावकार, हैदराबादचा भाईबंद व्यापारी, सरकारी नोकरीतला आमिल, लाडकाण्याच्या बाजूचा छोटा दुकानदार, यांच्यात सिंधमध्ये रोटीबेटीचे आणि प्रतिष्ठेचे किती भेद होते! ज्यांच्यापाशी पैसा किंवा ओळख होती त्यांनी मुंबईत, पुण्यात जागा शोधल्या. ज्यांच्यापाशी काहीच नव्हतं त्यांच्या वाट्याला बरॅकी आल्या. छावणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या समाजातल्या गरिबांचा इतिहास आहे. स्मरणिकेत मात्र पुढे यशस्वी झालेल्यांचे फोटो असतात. त्या यशाचं कौतुक आम्हालाही आहे. पण शेवटून सुरुवातीकडे लिहिलेला इतिहास सगळ्यांना पहिल्या दिवसापासून उद्योगपती करून टाकतो.

आणि याच्याच पोटात ती प्रसिद्ध गंमत. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हे ऐकलं नाही असा माणूस मध्य रेल्वेवर सापडायचा नाही. आम्ही विचारतो, हा शिक्का कोणत्या कारखान्याने, कोणत्या मालावर, कोणत्या साली मारला? सांगणारा म्हणतो, 'सगळ्यांना माहीत आहे.' वडावरचा यक्ष तो हाच. विनोद म्हणून ऐका आणि हसा, आमची हरकत नाही. पण याला इतिहास म्हटलं की पाच गावं हिंडून पापड विकणारी बाई आणि तिची शिकणारी मुलं, सगळी एका शिक्क्याखाली नकली ठरतात.

चौथं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, 'ओसाड माळ होता'. कुणाचा माळ? म्हारळ, शहाड, वडोल, आशेळे, माणेरे ही नावं आपण आजही बसच्या पाटीवर वाचतो. ही गावं १९४९ नंतर आकाशातून पडली नाहीत. आगरी शेतकरी इथे भात पिकवत होता, ठाकूर-कातकरी रानात राबत होता. रेल्वे कल्याणच्या पुढे पळसदरीपर्यंत १८५६ मध्येच गेली होती, म्हणजे हा मुलूख नकाशावर नव्हता असंही नाही. युद्धकाळात लष्कराला जागा लागली आणि ती घेतली गेली. 'ओसाड' हा शब्द वर्णनाचा वाटतो, पण तो काम निवाड्याचं करतो. जागा ओसाड म्हटली की कुणाचं काही गेलं नाही हे आपोआप सिद्ध होतं.

हे किती ताजं आहे ते सांगतो. जून २०१७ मध्ये नेवाळीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. वाद होता दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीचा. सत्तर वर्षं झाली तरी तो कागद मिटला नव्हता. दुसऱ्या बाजूला उल्हासनगरात अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा 'जमीन आधी कुणाची होती, कुणी कुणाला कोणत्या अटीवर दिली' हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या निवृत्तांच्या फुरसतीचा आहे असं कुणी समजू नये.

नावाविषयीही दोन शब्द. 'आनंदाचं शहर' हा अर्थ व्याकरणाने बरोबर आहे. पण बोरघाटाच्या अंगाने उतरून बदलापूरवरून इथे येणारी उल्हास नदी राजाजींच्या कितीतरी आधीपासून वाहते आहे. नदी विसरून नुसता आनंद लक्षात ठेवला की शहर आपल्या भूगोलापासून तुटतं. नदीची आजची अवस्था पाहिली तर हे तुटणं नुसतं शब्दातलं नाही हे कळतं.

बदलापूरकरांनी हसू नये, त्यांचीही पाळी आहे. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. अशक्य मुळीच नाही, घाटाकडे जाणारी वाट होती. पण नावाचा उच्चार जुळला एवढ्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. जुन्या कागदात ते नाव कसं लिहिलं आहे, तिथे घोड्यांची चौकी असल्याची नोंद आहे का, हे दाखवावं लागेल. तोपर्यंत ती शक्यता आहे, आणि शक्यतेला शक्यता म्हणण्यात कमीपणा नाही.

दुरुस्ती कशी करावी, याचा नमुना अंबरनाथने फार पूर्वी घालून दिलेला आहे. आपलं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, पहाट झाली म्हणून शिखर अपुरं राहिलं, हे ऐतिह्य. एकोणिसाव्या शतकात तिथला शिलालेख वाचला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शक ७८२ वाचलं, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक ९८२ असं वाचन मांडलं, म्हणजे १०६०. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळाशी तेच जुळतं आणि आज तेच स्वीकारलेलं आहे. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक! पण यात भाऊ दाजींची अब्रू गेली का? नाही. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयाला आपण त्यांचंच नाव दिलेलं आहे. आणि पांडवांची कथा मेली का? तीही नाही, ती आजी नातवाला सांगते. फक्त तिची जागा बदलली. दुरुस्ती म्हणजे कुणाला खाली पाडणं नव्हे, विधान आपल्या योग्य जागी ठेवणं.

वसाहतकारांच्या इतिहासात अशी दुरुस्ती जगभर चालते. अमेरिकेतले जर्मन घ्या. ६ ऑक्टोबर १६८३ रोजी क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला उतरली आणि त्यांनी जर्मनटाउन वसवलं. तो दिवस तिथे 'जर्मन-अमेरिकन दिवस' म्हणून पाळतात. पण विल्यम हल या अभ्यासकाने १९३५ मध्ये कागद तपासून दाखवलं की त्या कुटुंबांतले बहुतेक लोक डच वळणाचे होते. पहिले जर्मन म्हणून ज्यांचा गौरव, त्यांचं जर्मनपणच प्रश्नांकित! दुसरी कथा याहून गमतीची. जर्मन ही अमेरिकेची राजभाषा व्हायची होती, पण एका मताने हुकली, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. खरं काय? व्हर्जिनियातल्या जर्मनांनी १७९४ मध्ये अर्ज केला की कायद्यांची जर्मन भाषांतरं छापावीत. त्यावरच्या चर्चेत सभा तहकूब करायची की नाही यावर ४२ विरुद्ध ४१ असं मतदान झालं. तहकुबीचं एक मत फुगून राजभाषेचं झालं. १८४७ मध्ये फ्रान्झ ल्योहर यांच्या ग्रंथाने ती कथा दूरवर नेली. अभिमान हा फार वाईट कारकून आहे. त्याची बेरीज नेहमी वाढीव येते.

आपल्या जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. १९४३ नंतर वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासित वसले आणि गांधीनगर झालं, आजची कापडाची मोठी बाजारपेठ. पोलिश मंडळींनी पुढे संघटना स्थापून आपल्या आठवणी, छायाचित्रं, कागद गोळा केले आणि जाडजूड ग्रंथ काढला. पाच वर्षं राहिलेल्या माणसांनी आपली छावणी नोंदवून ठेवली. आपण पाऊणशे वर्षं राहिलो. आपण काय नोंदवलं?

काहीच नाही असं नाही. रिटा कोठारी यांचं 'द बर्डन ऑफ रेफ्यूज' गुजरातमधल्या सिंधी हिंदूंवर आहे. निर्वासिताला नव्या भूमीत आपलं खाणंपिणं आणि रीतिरिवाज कसे झाकावे लागतात, हे त्यात फार नेमकं आलं आहे. नंदिता भावनानी यांचं २०१४चं 'द मेकिंग ऑफ एग्झाइल' दप्तरातले कागद आणि माणसांच्या मुलाखती एकमेकांसमोर ठेवतं. ही कामं पायाभूत आहेत. पण त्यांचा विषय सिंधी समाज आहे, कल्याणच्या पूर्वेची गावं नव्हेत. म्हणून त्यांच्याकडून ती अपेक्षा धरणं अन्याय होईल. आणि ती इंग्रजीत आहेत. मराठी वाचकाच्या हाती उल्हासनगर येतं ते विनोदातून किंवा गुन्हेगारीच्या बातमीतून. सिंधी घरातल्या आठवणी मराठीत नाहीत, आगरी घरातल्या आठवणी सिंधीत जायचा प्रश्नच नाही. दोन शेजारी, दोन इतिहास, मध्ये एक रिक्षा स्टँड.

मग करायचं काय? मोठ्या अनुदानाची वाट पाहू नये. आम्ही चार कामं सुचवतो.

एक, शाळांची जनरल रजिस्टरं. १९४८ ते १९६० या काळातल्या प्रवेशनोंदी पाहा. जन्मस्थानाच्या रकान्यात कराची, सक्कर, शिकारपूर, लाडकाणा अशी नावं मिळतील, वडिलांचा धंदाही मिळेल. कोण आले, कुठून आले, याचा यासारखा निःस्वार्थी साक्षीदार नाही, कारण नोंद करणाऱ्या गुरुजींना इतिहास लिहायचा नव्हता.

दोन, घरातले क्लेमचे कागद. १९५०च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवले गेले, १९५४च्या कायद्याने भरपाई आली. हे कागद जपून वाचा आणि सावध वाचा. भरपाईसाठी लिहिलेल्या कागदात हवेली थोडी मोठी होण्याचा संभव असतो. त्यांतले अनेक कागद अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत, व्यापाऱ्यांच्या काही वह्या वाणिको लिपीत. १९६७ मध्ये सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली, पण नातवंडांना आजोबांचं अक्षर वाचता येत नाही. ही लिपी वाचणारे आज जे ज्येष्ठ आहेत, त्यांच्याजवळ दहा तरुण बसवा. हे काम पाच वर्षांनी करता येणार नाही.

तीन, गावांचे फेरफार. जुना सातबारा, युद्धकाळातल्या संपादनाच्या नोंदी, कुणाला मोबदला मिळाला, कुणाला नाही. हे तलाठी दप्तराचं आणि माहितीच्या अधिकाराचं काम आहे.

चार, माणसं. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याला विचारा. मात्र प्रत्येक विधानाला तीन प्रश्न लावा : हे तुम्ही पाहिलं, की ऐकलं? ऐकलं तर कुणाकडून? आणि ते सांगणाऱ्याला कसं कळलं? आप्ताची परीक्षा ती हीच. आगरी आजीला आणि सिंधी आजोबांना एकाच प्रश्नावलीने विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, दोन्ही छापा.

आता शेवटचा, जरा नाजूक मुद्दा. 'ओसाड माळ नव्हता' असं आम्ही म्हणालो, की कुणीतरी त्याचा दगड करून सिंधी माणसाला मारेल, 'बघा, तुम्ही आमच्या जमिनीवर बसलात.' ते आम्हाला मान्य नाही. जमीन घेतली लष्कराने, वाटली सरकारने. बरॅकीत एका पडद्याआड संसार मांडणाऱ्या बाईने कुणाचं काही लुटलं नव्हतं. ज्याचं घर गेलं त्याला दुसऱ्याच्या गेलेल्या शेतावर आणून बसवलं. दोघांचं नुकसान खरं आहे, आणि एकाचं खरं मानण्यासाठी दुसऱ्याचं खोटं ठरवावं लागत नाही. तर्कशास्त्रात ज्याला व्याघात म्हणतात तो इथे नाहीच.

'पहिले कोण?' या प्रश्नाचा मोह सोडायला हवा. शिलाहार आले, गेले. आगरी शेतकरी होता. काड्यापेटीच्या कारखान्यासाठी १९२०च्या दशकात अंबरनाथला कामगार आले, रेयॉनच्या गिरणीसाठी शहाडला आले, स्वस्त घरासाठी आज बदलापूरला येत आहेत. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर, बदलापूर पावणेदोन लाखांच्या जवळ होतं. यातल्या बहुतेकांचे आजोबा इथे जन्मलेले नाहीत. अशा गावांना पहिलेपणाच्या मानापेक्षा एकमेकांच्या येण्याची खरी हकिकत अधिक उपयोगी पडेल.

बरॅकी झपाट्याने पडत आहेत, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जात आहेत. उद्या घरी गेल्यावर आपल्या ट्रंकेत काय आहे ते प्रत्येकाने पाहावं, रद्दीत घालण्याआधी कुणाला तरी दाखवावं, आणि त्यावर तारीख आणि नाव लिहून ठेवावं. एवढं केलंत तरी आजचं बोलणं कारणी लागलं असं आम्ही समजू. आता प्रश्न विचारा.